बालदमा : पहिल्या तपासणीपासून डोस अर्ध्यावर येईपर्यंतचे चौदा महिने

खोकला मध्यरात्रीनंतर सुरू होतो, तासभर चालतो आणि सकाळी मूल ठणठणीत असतं. महिनाभर हे चाललं की बहुतेक घरांत खोकल्याचं औषध बदललं जातं, अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, आणि खोकला तिथेच राहतो. आमच्याकडेही तसंच झालं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. फॅमिली डॉक्टरांच्या तोंडून ‘दमा’ हा शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हापासून रोजच्या औषधाचा डोस अर्ध्यावर येईपर्यंत चौदा महिने गेले. औषध श्वासातून ओढायचे दोन पंप आणि एक प्लास्टिकचं नळकांडं हातात घेऊन घरी परतताना पुढे काय वाढून ठेवलंय याचा काहीच अंदाज नसतो. त्या दिवशी मला जे कुणी सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली भेट

डॉक्टरांकडे गेलो की मूल खोकत नाही आणि छाती स्वच्छ लागते. म्हणून जाण्याआधीच्या रात्री मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. अंगातला सदरा काढलेला, उजेड पुरेसा, आवाज नीट येईल इतक्या जवळून. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, पोट उडतं का, श्वास सोडताना शिट्टी वाजते का, हे त्यात दिसतं आणि ऐकू येतं. याचं कारण भाषेतही आहे. आपण ‘घरघर’ म्हणतो तेव्हा घशातल्या कफाचा आवाजही त्यात धरतो. डॉक्टरांना हवी असते ती छातीतून येणारी बारीक शिट्टी, बहुधा श्वास सोडतानाची. शब्दांनी हा फरक सांगता येत नाही, व्हिडिओने लगेच कळतो.

विचारलं जातं ते साधारण असं : खोकला सर्दीपुरताच येतो की दोन सर्द्यांच्या मधेही? पळाल्यावर, खूप हसल्यावर, रडल्यावर, थंड हवेत वाढतो का? रात्री किती वेळा जाग येते? अंगावर खाजरे चट्टे, सततच्या शिंका, डोळे चोळणं आहे का? आई-वडिलांपैकी कुणाला दमा किंवा अॅलर्जी? घरात कुणी ओढतं का? जन्म वेळेआधी झाला होता का? उत्तरं कागदावर लिहून नेली तर दहा मिनिटांची भेट पुरते.

काही खुणा दम्याच्या नसतात आणि त्या दिसल्या तर लगेच पुढच्या डॉक्टरांकडे पाठवलं जातं. जन्मापासूनचा खोकला, चार आठवड्यांहून जास्त टिकलेला ओला खोकला, वजन न वाढणं, खेळता-खाताना अचानक ठसका लागून सुरू झालेला त्रास, किंवा छातीच्या एकाच बाजूला ऐकू येणारा आवाज. शेवटच्या दोन खुणा असतील तर श्वासनलिकेत काही अडकल्याची शंका आधी घ्यावी लागते.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर डॉक्टर ‘दमा’ हा शब्द पटकन वापरत नाहीत. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात १९८० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात १२४६ नवजात बाळांची नोंद झाली होती. त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांची छाती सहा वर्षांच्या आत एकदा तरी वाजली, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचा त्रास पुढे थांबला. म्हणून लहानग्यांत दोन-तीन महिने कमी डोसचं औषध देऊन फरक बघतात, मग थांबवून पुन्हा बघतात. ते चालढकल करत आहेत असं वाटून डॉक्टर बदलू नका. त्या वयात निदानाचा मार्गच तो आहे.

फुंकण्याच्या चाचण्या

साधारण पाच वर्षांनंतर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीने किती हवा किती वेगाने बाहेर पडते ते यंत्रावर मोजणारी चाचणी, करता येते. आम्हाला तारीख मिळायला दोन आठवडे लागले. चाचणीच्या आधी किमान चार तास आराम देणारा पंप घ्यायचा नसतो. जास्त वेळ काम करणारी औषधं चालू असतील तर ती किती आधी थांबवायची ते तारीख घेतानाच विचारून ठेवा. मुलाने छातीभर श्वास घ्यायचा, एकदम जोरात सोडायचा आणि फुप्फुसं रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं. हे शेवटचं मुलांना जमत नाही, ती अर्ध्यात सोडतात. घरी आदल्या दिवशी भिंतीवर धरलेला कागदाचा कपटा फुंकरीने शक्य तितका वेळ चिकटवून ठेवायचा खेळ दोनदा खेळला तरी फायदा होतो. चांगल्या तीन फुंकरी मिळाल्या की पंपाचे चार फवारे देतात, १५ मिनिटं थांबवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून जास्त वाढली तर तो दम्याच्या बाजूचा ठोस पुरावा.

मात्र चांगल्या दिवशी केलेली चाचणी नॉर्मल येऊ शकते. आमची तशीच आली. त्याने दमा नाही असं ठरत नाही. अशा वेळी पीक फ्लो मीटर (फुंकरीचा वेग मोजणारं छोटं साधन) घरी देतात : दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, उभं राहून तीन फुंकरी आणि तिन्हींतला मोठा आकडा वहीत. समजा सकाळी १५० आणि संध्याकाळी १८० आला. फरक ३०, दोन्हींची सरासरी १६५, म्हणजे त्या दिवसाचा चढउतार १८ टक्के. दोन आठवड्यांतली अशी रोजची सरासरी १३ टक्क्यांच्या वर गेली तर मुलांत ती जास्त समजतात. एखादा दिवस सुटला तर जागा कोरी ठेवा, अंदाजाने आकडा भरू नका. भरलेल्या आकड्यांनी आलेख सपाट होतो आणि निदान लांबतं. शक्य असेल तर हे सगळं रोजचं औषध सुरू होण्याआधी करतात, कारण औषधाने चढउतार झाकला जातो. त्रास जास्त असेल तर मात्र चाचणीसाठी औषध अडवत नाहीत.

दोन पंप

तिसऱ्या भेटीत औषध सुरू झालं. दोन पंपांची कामं पूर्ण वेगळी आहेत आणि घरातल्या प्रत्येकाला ती कळायला हवीत.

आराम देणारा पंप, बहुतेक ठिकाणी निळा, साल्ब्युटामॉलचा. आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो आणि साधारण चार तास टिकतो. आतल्या सुजेवर त्याचा काही परिणाम नाही. दुसरा रोजचा पंप, कमी डोसच्या स्टेरॉइडचा, जो सूज उतरवतो. तो घेतल्यावर मुलाला काहीच जाणवत नाही. फरक दिसायला एक-दोन आठवडे आणि पूर्ण फायदा व्हायला काही महिने लागतात. त्यामुळे घरात निळ्यावर विश्वास बसतो आणि दुसरा विसरला जातो. दम्याचा खरा उपचार मूल बरं असलेल्या दिवशी होतो, ही गोष्ट डोक्यात बसायला मला पाच महिने आणि मुलीला आलेला दम्याचा एक झटका लागला. जागतिक पातळीवर दम्याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जिना’ने २०१९ पासून १२ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. वर्षात त्याचे २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला असतो, आणि याच हिशोबासाठी डबा उघडल्याची तारीख त्यावर मार्करने लिहायची.

‘स्टेरॉइड’ शब्दाने पोटात गोळा येतो, आला होता. तेव्हा आकडे बघून बरं वाटलं. पंपातला रोजचा कमी डोस २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतो. झटका आल्यावर २० किलोच्या मुलाला तोंडाने दिलं जाणारं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला २० ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे २०,००० ते ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅमची ताकद सारखी नाही, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण एक थेट छातीत जातं आणि दुसरं सगळ्या अंगात, हे लक्षात येतं. उंचीवर परिणाम होतो का? होतो, थोडा. रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड चार ते सहा वर्षं घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. आटोक्यात नसलेला दमाही वाढ रोखतो. म्हणून डोस चालेल तितका कमी ठेवायचा आणि दर सहा महिन्यांनी उंची मोजून फाइलमध्ये लिहून घ्यायची. ‘पंपाची सवय लागते’ हेही खूपदा ऐकावं लागलं. रोजच्या पंपाचं व्यसन लागत नाही. औषध थांबल्यावर त्रास परत येतो तो आजार अजून शिल्लक असतो म्हणून.

स्पेसर

माझ्या मते सगळा खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो, म्हणून इथे जरा थांबते. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं ते प्लास्टिकचं नळकांडं. त्याच्याशिवाय पंप थेट तोंडात मारला तर बरंचसं औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि गिळलं जातं. साधारण चार वर्षांपर्यंत मास्क, त्यानंतर शक्य तितक्या लवकर तोंडात धरायची नळी.

क्रम असा. मूल ताठ बसलेलं किंवा उभं. टोपण काढून आत काही अडकलेलं नाही ना ते बघा. पंप चांगला हलवा, स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. ओठ नळीभोवती गच्च. एक फवारा, आणि लगेच पाच-सहा शांत, नेहमीसारखे श्वास स्पेसरमधूनच आत-बाहेर. झडप हलताना दिसली पाहिजे. दुसरा फवारा असेल तर पंप पुन्हा हलवायचा आणि तेच परत. काही स्पेसर शिट्टी वाजवतात. मुलांना ती बक्षिसासारखी वाटते, पण तिचा अर्थ श्वास फार जोरात ओढला असा असतो.

चुका ठरलेल्या आहेत. दोन फवारे एकदम मारणं ही पहिली, कारण थेंब एकमेकांना आणि भिंतींना चिकटतात व छातीत कमी पोचतं. मास्क गालाशी सैल राहणं ही दुसरी. रडत्या मुलाला धरून देणं ही तिसरी. रडताना औषध आत फारच थोडं जातं, त्यामुळे पहिले चार दिवस रिकामा स्पेसर बाहुलीला, मग आपल्याला, मग मुलाला लावून खेळवणं जास्त कामाचं. चौथी चूक धुण्यातली. नव्या प्लास्टिकवर स्थिर विद्युत असते आणि औषध तिला चिकटतं. वापरण्याआधी आणि मग महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे काही थेंब घालून बुडवायचं, आतून घासायचं नाही, फडक्याने पुसायचं नाही, उभं ठेवून आपोआप वाळू द्यायचं. कापडाने पुसलं की तीच विद्युत परत येते. झडप कडक झाली किंवा फाटली तर स्पेसर बदला. साधारण वर्षाने तो बदलावाच लागतो.

डबा संपला की नाही ते हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फवारत राहतो. पाण्यात तरंगवून बघायची पद्धतही भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप मागून घ्या, नाहीतर हिशोब करा : १२० फवाऱ्यांचा डबा, दिवसाला चार फवारे, बरोबर तीस दिवस. खर्चाची आखणीही याच हिशोबाने होते. रोजचा पंप दर महिन्याला, स्पेसर वर्षाला एक, आणि आराम देणाऱ्या पंपाचा व स्पेसरचा दुसरा संच शाळेसाठी. तो दुसरा संच सुरुवातीलाच लिहून घ्या.

रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, मास्क असेल तर तोंडही पुसायचं. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. पंप दात घासायच्या आधी ठेवला की चूळही होते आणि विसरही पडत नाही.

प्रत्येक भेटीत डॉक्टर किंवा नर्ससमोर मुलाला पंप घ्यायला लावा. ‘येतं ना?’ ‘हो’ एवढ्यावर भागवू नका. सहाव्या आठवड्याच्या भेटीत आमच्या मास्कची गळती अशीच सापडली; औषध वाढवायचा विचार चालला होता, तो सोडला आणि मास्कऐवजी नळी आली.

लिहिलेला कागद

झटका आल्यावर काय करायचं ते डॉक्टरांकडून लेखी घ्या. वरच्या भागात रोजचं औषध. मधल्या भागात बिघाडाची सुरुवात : सर्दी लागली, रात्री खोकला, पळताना थांबावं लागतं, तर निळ्याचे किती फवारे, किती तासांनी, आणि कधी फोन करायचा. खालच्या भागात धोका.

धोक्याच्या खुणा पाठ असाव्यात. एका दमात वाक्य पूर्ण न होणं, गळ्याखालचा खळगा आणि बरगड्या खोल ओढल्या जाणं, ओठ निळसर, मूल गळून जाणं किंवा गुंगीत जाणं, निळ्याचा परिणाम चार तासांच्या आत ओसरणं. छातीतली शिट्टी अचानक बंद होऊन मूल जास्तच थकलेलं दिसलं तर तो सुधार नव्हे. हवा आत-बाहेर होत नाही म्हणून आवाज थांबलेला असतो. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत मुलाला बसतं ठेवून स्पेसरमधून एकेक फवारा देत राहायचं. किती ते कागदावर असतं. काही ठिकाणी चार फवारे, चार मिनिटं थांबून पुन्हा चार अशी पद्धत आहे, काही ठिकाणी अर्ध्या-एका मिनिटाला एक असे दहापर्यंत. औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रासाठी (नेब्युलायझर) धावाधाव करण्याची गरज नसते. सौम्य-मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसर तितकंच काम करतात. या कागदाची एक प्रत शाळेत, एक मूल ज्यांच्याकडे थांबतं त्यांच्याकडे, आणि एक फोटो फोनमध्ये.

अॅलर्जीचा भाग

तिसऱ्या महिन्यात दिवसाचा खोकला गेला होता, पण नाक रोज सकाळी गळत होतं. नाक आणि छाती ही एकच वाट आहे. नाक सुजलेलं राहिलं तर दमाही आटोक्यात येत नाही. नाकाचा स्टेरॉइड फवारा लागू पडायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नोझलचं टोक मधल्या पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. फवारल्यावर जोरात ओढायचं नाही. पडद्यावर मारला तर घोळणा फुटतो आणि घरचे औषध बंद करतात.

त्वचेची चाचणी कधी करायची? माहितीवरून ज्याचा संशय आहे त्याच गोष्टींसाठी. हातावर थेंब, त्यातून हलकी टोच, १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. नुसत्या सलाइनच्या गांधीपेक्षा ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठी असेल तर पॉझिटिव्ह. त्याआधी साधारण आठवडाभर अॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. हे तारीख देताना सांगायचं राहून गेलं आणि आमची पहिली फेरी वाया गेली. रोजचा पंप मात्र चालू ठेवायचा असतो. रक्तातल्या विशिष्ट आयजीई (अॅलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) तपासणीला गोळ्यांची अडचण नसते. दोन्हींत पॉझिटिव्ह म्हणजे शरीर ओळखतं, त्रास होतोच असं नाही. म्हणून पन्नास-शंभर गोष्टींचं पॅकेज टाळा. तक्रार नसताना पॉझिटिव्ह आलेले पदार्थ मुलाच्या ताटातून उगाच जातात. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडावर आधारलेल्या अन्नाच्या चाचण्यांचा अॅलर्जीच्या निदानाला उपयोग नाही. याउलट, एखादा पदार्थ खाल्ल्यावर मिनिटांत अंगावर पित्त, उलटी किंवा श्वासाचा त्रास होत असेल तर ते आवर्जून सांगा. दम्याबरोबर अशी अॅलर्जी असणं जास्त धोक्याचं, आणि त्यावर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं अॅड्रेनलिनचं इंजेक्शन हेच पहिलं औषध. पंप त्याची जागा घेत नाही.

आमच्याकडे धुळीतल्या माइटची अॅलर्जी निघाली. त्या किड्याला लागते मानवी कातडीची भुकटी आणि दमट हवा, म्हणजे गादी-उशी. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात, मऊ खेळणी एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग धुवायची, ओल शोधून दुरुस्त करायची. एकट्या गादीच्या आवरणाने फार फरक पडत नाही, ते घेण्याआधी हे जाणून घ्या. तंबाखूचा धूर मात्र पूर्ण बंद. बाल्कनीत ओढूनही कपड्यांबरोबर तो आत येतो.

पाचवा महिना आणि पुढे

दोन महिने खोकला नाही, तर रोजचा पंप एक दिवसाआड होतो, मग आठवड्यातून दोनदा. ठरवून कुणी करत नाही, नुसता सुटत जातो. मग एक साधी सर्दी पुरते. आमचा झटका तसाच आला : तीन दिवस तोंडाने प्रेडनिसोलोन, दोन दिवसांनी फेरतपासणी, आणि सगळं पहिल्यापासून सुरू केल्याची भावना. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी डब्यांच्या तारखा बघितल्या : तीस दिवसांचा डबा चौऱ्याहत्तर दिवस चालला होता. औषध वाढवण्याऐवजी तेच औषध रोज देण्याचं ठरलं. या टप्प्यावर गोळी म्हणून मॉन्टेलुकास्टचा पर्याय निघाला तर झोप, स्वभाव, भीतीदायक स्वप्नं यांवर लक्ष ठेवायचं असतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर मानसिक परिणामांचा ठळक इशारा छापायला लावला आहे.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी भेट. ४ ते ११ वर्षांसाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते, चार मुलाने भरायचे, तीन पालकांनी. २७ पैकी १९ किंवा कमी म्हणजे दमा आटोक्यात नाही. मुलाचे चार प्रश्न मुलालाच भरू द्या. मी ‘पळताना त्रास नाही’ म्हणाले असते. तिने ‘थोडा होतो’ हे चित्र निवडलं, कारण ती मधल्या सुट्टीत पळतच नव्हती. भेटीत फ्लूच्या वार्षिक लशीचंही विचारून घ्या.

सलग तीन महिने सगळं शांत राहिलं की डोस कमी करतात, एका वेळी साधारण पाव ते निम्मा. सर्दीच्या लाटेत, प्रवासाच्या किंवा परीक्षेच्या तोंडावर कमी करत नाहीत. आमचा चौदाव्या महिन्यात दोनऐवजी एक फवारा झाला. पुढचे चार-सहा आठवडे वही पुन्हा उघडायची : रात्रीची जाग, निळ्याचे फवारे, खेळ मधेच सोडला का. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा लागला तर जुन्या डोसवर परत, भेटीची वाट न बघता फोनवर विचारून. डोस बदलला की तिन्ही ठिकाणचे कागद त्याच दिवशी बदला आणि जुने फाडून टाका. शाळेतली प्रत राहून जाते.